आधी स्टॉकमधली भाकरी

गेल्या श्रावणात आमच्या घरात किराण्याचं बजेट तंतोतंत पाळलं गेलं. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि इथून पुढं होऊ देणार नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मला बजावून सांगितलं आहे.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीस, हातमोजे. माझ्या सहीशिवाय तिथून एक वायसरसुद्धा बाहेर पडत नाही. (एकदा मालक स्वतः हातमोजे मागायला आले. मी स्लिप मागितली. त्यांनी स्लिप दिली, पण त्या वर्षीची पगारवाढ दिली नाही.) अशा माणसाच्या घरात महिना संपायच्या आधी तेल संपतं, याची मला लाज वाटायची. आणि लाज वाटली की मी गप्प बसत नाही, बोलतो.

"महानंदा, ही काय स्टोअर चालवायची पद्धत झाली?" मी बायकोला म्हणालो.

"स्टोअर न्हवं हे. स्वैपाकघर हाय."

"तेच ते! अगं, चांगलंचुंगलं खाऊनसुद्धा पैसे उरतात. फक्त डोकं लागतं."

महानंदानं खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. ह्या महिन्याचा किराणा तुमच्याकडं. पिशवी फाटकी हाय, डोकं तेवढं सांभाळून न्या." मग दारापर्यंत येऊन म्हणाली, "आन पंचमीला अक्का येणार हायत. त्यास्नी काय कमी पडू देऊ नका."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पुण्यात दिलेली. आई गेल्यापासून ती वर्षातून एकदाच माहेरी येते, नागपंचमीला, चार दिवस. तिच्या घरी सगळे चपाती खाणारे. एकटीसाठी कोण परात घेऊन बसणार, म्हणून ती भाकरी करत नाही. "पुण्यात पोट भरतं रे तम्मा," ती मला म्हणते (धाकट्या भावाला आमच्यात कानडीतून तम्मा म्हणतात, त्याला पन्नाशी लागली तरी), "पण जेवते मी हितंच." आई होती तेव्हा अक्का चुलीशेजारी पाट टाकून बसायची आणि आई तव्यावरची भाकरी सरळ तिच्या ताटात टाकायची. आता महानंदा टाकते. महानंदाची भाकरी अशी टम्म फुगते की पापुद्रा उचलला की वाफेनं चष्म्यावर धुकं येतं. त्या चार दिवसांसाठी अक्का वर्षभर थांबते. हे सगळं मला माहीत होतं. हे इथंच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं "मला काय माहीत" असं म्हणायची सोय मला राहणार नाही.

मी कामाला लागलो. खर्च कुठं गळतो ते बघितलं. रोज दोन वेळा परात, रोज तवा, रोज गॅस! कारखान्यात कुणी एकेक बोल्ट रोज नव्यानं बनवतो का? नाही! एकदाच लॉट काढतात आणि ठेवून देतात. आणि भाकरीचा लॉट काढायची सोय आपल्या सोलापूरनं आधीच करून ठेवलेली आहे: कडक भाकरी! पातळ थापायची, भाजायची, मग आचेला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनोन्‌महिने टिकते. मला माझ्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं.

मंद्रूपच्या आठवडी बाजारात गौराबाई म्हणून एक बाई कडक भाकऱ्या विकतात. त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"किती पायजेत?"

"महिन्याच्या."

"लगीन हाय व्हय घरात?"

"लग्न नाही. बजेट आहे."

गौराबाईंनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "घरच्या बाईला इचारलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हसलो. भाकऱ्यांची चळत मांडीवर घेऊन जीपमधून घरी येताना प्रत्येक खड्ड्याला माझा जीव खालीवर होत होता. घरी पत्र्याचा मोठा ड्रम धुऊन पुसून त्यात त्या रचल्या आणि बाहेरून चिठ्ठी चिकटवली: "तयार माल. हात स्वच्छ धुवून घेणे."

पहिल्या संध्याकाळी मेजवानी झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार, बाजूला दही. वडील, म्हणजे आमचे अप्पा, नव्या कवळीनं कुर्रम कुर्रम खात म्हणाले, "लई झ्याक! तुज्या आईची आठवण झाली बघ." मी महानंदाकडं बघितलं. ती दह्याच्या भांड्याकडं बघत होती. भांडं रिकामं होतं.

कडक भाकरीबद्दल एक गोष्ट सोलापूरच्या प्रत्येक बाईला माहीत असते आणि स्टोअरवाल्यांना नसते. ती कोरडी असते. घशाखाली उतरायला तिला काहीतरी ओलं लागतं. आणि थोडंथोडकं नाही! आमटी प्यायली तिनं, दूध प्यायलं, दही प्यायलं, चटणीवरचं तेल तर सुकलेल्या जमिनीसारखं शोषून घेतलं. गॅस वाचला आणि गवळी श्रीमंत झाला.

दुसरा कुणी असता तर त्यानं चूक मान्य केली असती. मी दही वाटून द्यायला लागलो. माणशी एक वाटी, चटणी एक चमचा, तेलाची धार बंद!

"सोलापुरात ऱ्हाऊन चटणीवर तेल न्हाय?" अप्पा म्हणाले. "माणसं काय म्हणतील रे?"

"अप्पा, माणसांना कोण सांगणार आहे?"

एका संध्याकाळी जेवताना 'कट्ट' असा आवाज आला. तसा त्या दिवसांत आमच्या घरात सारखाच 'कट्ट' आवाज यायचा, पण हा जरा महागातला वाटला. अप्पांनी तोंडातून कवळी काढून ताटात ठेवली. तिचे दोन भाग झाले होते. भाकरी शाबूत होती. कवळी दुरुस्तीला गेली आणि अप्पा सकाळी उठून वाटीत भाकरी भिजत घालायला लागले, ती संध्याकाळी खायला. (कवळीचा खर्च मी बजेटमध्ये धरला नाही. दवाखाना हा किराणा नव्हे. या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे, फक्त मोठ्यानं बोलत नाही.)

आणि पंचमीच्या आदल्या दिवशी अक्का आली. स्टँडवर मी तिला घ्यायला गेलो. तिचा गाल चांगला भरलेला दिसला.

"अक्का, पुण्याचं पाणी मानवलं की तुला! गाल बघ कसे वर आलेत."

अक्का तोंडापुढं पदर धरून हसली. एकाच बाजूचा गाल वर आलाय, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. माणसं जाड होतात ती दोन्हीकडून होतात, एवढं तरी कळायला हवं होतं!

घरी आल्या आल्या अक्का स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या ओट्याशेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "वैनी, टाक तवा." महानंदानं परात घेतली. पिठाचा डबा उघडला. डबा रिकामा.

"अवो, पीठ कुटं हाय?"

"आणलंच नाही," मी म्हणालो. "तयार माल ड्रमभर पडलाय, मग कच्चा माल कशाला? आधी स्टॉकमधली भाकरी संपवायची, मग नवीन."

"अक्का आल्यात!"

"मग? अक्काला कडक भाकरी काय नवीन आहे? शाळेत असताना दप्तरात घालून न्यायची!"

"मी शेजारनं वाटीभर पीठ आणते."

"महानंदा, उसनवारी म्हणजे बजेट मोडलंच की."

महानंदा परात हातात धरून उभी राहिली. अक्का एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग ती स्टुलावरून उठली. "ऱ्हाऊ दे वैनी," ती म्हणाली. "हाय ते चालतंय की." माहेरी आलेली बाई मागत नाही. आपण द्यायचं असतं. पण मला त्या वेळी वाटलं, बघा, माझी बहीण किती समजूतदार!

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमच्याकडं पंचमीला तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, तळत नाहीत. माझ्या तर आनंदाला पारावार राहिला नाही. प्रत्यक्ष नागोबा माझ्या बाजूनं! महानंदानं पुरणाची दिंडं उकडली होती. अक्कानं ती डोळे मिटून खाल्ली. "किती मऊ झाल्यात गं वैनी," ती म्हणाली आणि अजून एकाला हात घातला. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, ताटावरून म्हणालो, "अक्का, थोडी संध्याकाळला ठेवू या का?"

तिनं हात मागं घेतला.

त्यानंतर ती भाकरीचे बारीक तुकडे करून चहात बुडवून खायला लागली. शेजारी अप्पा वाटीत भिजवून खात होते. दोघं बापलेक खाली मान घालून जेवत होते आणि मी समोर कट्ट कट्ट वाजवत माझ्या योजनेचे फायदे सांगत होतो. चार दिवस राहायला आलेली अक्का पंचमीच्या दुसऱ्याच सकाळी पिशवी भरायला लागली.

"एवढ्यात गं?"

"घरी काम निगालंय रे."

महानंदानं अडवून बघितलं, अप्पांनी बघितलं. मी आग्रह केला, पण खरं सांगतो, आग्रह करताना माझ्या मनात उरलेल्या दोन दिवसांचं दही वाचल्याचा हिशेब चालू होता. माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. महानंदानं तिची ओटी भरली. शिदोरी मात्र मी माझ्या हातानं बांधली: कडक भाकऱ्यांची भली मोठी चळत! (ड्रम कमी होत नव्हता हो.) अक्कानं ते बोचकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "लई दिवस टिकतील रे, तम्मा."

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये असताना पुण्याहून भावजींचा फोन आला.

"मल्लिनाथ, तुमची बहीण जेवली का हो तिकडं नीट?"

"का हो भावजी?"

"दाढ काढल्यापासून इथं पेजेवर होती. डॉक्टर म्हणाले, मऊ खा. तर म्हणाली, मग माहेरीच जाते, वैनीच्या हातची गरम भाकरी दुधात कुस्करून खाते चार दिवस. इतकी खुशीत निघाली होती! मग एवढ्यात कशी परत आली?" आणि जरा थांबून, "बरं, ही पिशवीत फरशी कसली दिलीय तुम्ही?"

समोर एक कामगार ग्रीस मागत उभा होता. मी त्याच्याकडून स्लिप न घेता डबा दिला. तो घाबरला.

घरी येऊन सांगितलं. महानंदा खालीच बसली. "मला तरी सांगायचं त्यांनी," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मला वाटलं, आता ती माझ्यावर ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अप्पा वाटीतली भाकरी चमच्यानं दाबत होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुज्या आईच्या घरात कवा तेल संपलं, कवा साखर संपली, कवा पैसं संपलं. पीठ कदी संपलं न्हाय."

महिना संपला. बजेट जमलं होतं. चक्क चार पैसे उरले होते. त्या पैशांकडं बघवेना. मी सात रस्त्याला जाऊन चांगली ज्वारी घेतली, गिरणीत समोर उभा राहून दळून आणली आणि महानंदाला म्हणालो, "चल, पुण्याला जाऊ. अक्काला गरम भाकरी घालू."

"अप्पांकडं कोण बगंल? तुमीच जावा. तुमीच थापा." तिनं पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. "डोकं हाय की तुमाला."

पुण्यात अक्काच्या स्वयंपाकघरात मी आयुष्यातली पहिली भाकरी थापली. तिचा आकार भाकरीचा नव्हता, दक्षिण सोलापूर तालुक्याचा होता. उचलताना मंद्रूपच्या बाजूनं फाटली. परत मळली, परत थापली. हात भाजले. भावजी दारात उभे राहून बघत होते, मग सुनेला बोलावून तिला दाखवत होते. पण अक्का मात्र ओट्याशेजारी स्टूल टाकून बसली होती, आईजवळ बसायची तशी, ताट मांडीवर घेऊन. मी तव्यावरची भाकरी सरळ तिच्या ताटात टाकली. ठण्ण असा आवाज आला.

अक्कानं ती मोडून बघितली, मोडेना. दुधात घातली. दूध सगळं आटलं आणि भाकरी तशीच राहिली. अक्काचे डोळे भरून आले होते. ते धुरानं, हसण्यानं की कशानं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

"तम्मा, माज्या गळ्याची आण घेऊन सांग," ती म्हणाली. "ही स्टॉकमधलीच आणलीस न्हवं?"