सीझन झाल्यावर

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना आहे. तिथल्या बॉयलरवर राजेंद्र मोहिते सत्तावीस वर्षं आहेत. बॉयलर चालवायला सरकारी सर्टिफिकेट लागतं आणि ते कारखान्यात एकट्या मोहित्यांकडे. तरुणपणी परीक्षा पास झाले तेव्हा वाडीतल्या बुद्धविहारात त्यांचा सत्कार झाला होता. आपण आपल्याच हाताने पायात बेडी ठोकून घेतली, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात यावं! सर्टिफिकेटवाला हजर नसेल तर बॉयलर पेटवायचा नाही, असा कायदा. त्यामुळे एप्रिल ते जून मोहित्यांना ना लग्न, ना बारसं. चौदा एप्रिलची मिरवणूकसुद्धा ते फोनवर बघतात. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात हा गृहस्थ पोचला तो शेवटच्या पंगतीला.

हौस म्हणाल तर एकच, वाघ बघायची. ताडोबातल्या वाघिणींची नावं त्यांना सासुरवाडीच्या माणसांपेक्षा जास्त पाठ. "कधीतरी जाऊ," असं ते वीस वर्षं म्हणत होते. जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या 'कधीतरी'चा निकाल लावला. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण कडेचं मिटत चाललं होतं.

"थेंब चुकवू नका," डॉक्टर म्हणाले. "पण गेलेली नजर परत येत नाही. पुढच्या वर्षी किती उरेल, ते आज सांगता येणार नाही."

मोहित्यांनी घरी येऊन आधी चंद्रपूरच्या एका बुकिंगवाल्याला फोन लावला आणि मग चहा घेतला.

"काका, सीझनमध्ये यायचं की ऑफ सीझन चालेल?" पोऱ्या गोड बोलत होता.

"ऑफ सीझनच! सीझनात कसलं येणं?" मोहिते हसले.

आता यात त्यांचं काय चुकलं? रत्नागिरीत सीझन एकच, आंब्याचा. कशाचा सीझन असं इथं कुणी विचारत नाही. जगात दुसऱ्याही गोष्टींना सीझन असतो, हे मोहित्यांच्या डोक्यातच आलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग झालं, मॅनेजरसाहेबांनी रजा लगेच मंजूर केली आणि मोहित्यांचा जीव भांड्यात पडला.

मार्चमध्ये बुकिंगचा कागद मोबाइलवर आला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : मुख्य जंगल पावसाळ्यात बंद, फक्त बाहेरच्या भागात फेरी. मोहित्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग पुन्हा चंद्रपूर.

"काका, तुम्हीच ऑफ सीझन म्हणालात. पावसात गवत वाढलेलं, पाणी सगळीकडे. वाघ दिसला तर नशीब."

"मला कडेला झुडपात असला तर दिसायचा नाय. समोर पायजे."

"मग एप्रिल-मे. पानं झडलेली असतात, पाणी आटलेलं. वाघ पाणवठ्यात समोरच बसून राहतो."

एप्रिल-मे! मोहित्यांना हसावं की रडावं कळेना. त्यांची बायको, रेणुकावहिनी, समजूत घालायला गेल्या. "अवो, जुलैतच जाऊ. वाघ नायतर नाय, जंगल हिरवंगार तरी आसंल."

"हिरवंगार मी जन्मभर बघतोय!" मोहिते ओरडले. कधी आवाज न चढवणारा माणूस. वहिनी दचकल्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सायबांना डोळ्यांचं सरळ सांगा ना. माणूसच हाय तो."

तिथंच तर घोडं अडलं होतं. डोळे अधू झालेत हे कळलं, की बॉयलरवरून त्याच दिवशी खाली. नोकरीची चार वर्षं उरलेली, मुलगी तेजल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खरं सांगितलं तर नोकरी जाणार आणि नाही सांगितलं तर रजा मिळणार नाही.

तरी दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये गेले. वाघ बघायला जायचंय म्हणून मेमधले पाच दिवस मागितले.

साहेब वाईट नव्हते, तीच पंचाईत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "मोहिते, मेमध्ये तुमच्याशिवाय वाफ कोण देणार? तुमच्या हाताखालच्या संदेशला अजून सर्टिफिकेट मिळालेलं नाही. पुढच्या वर्षी तो पास झाला की खुशाल दहा दिवस जा. माझा शब्द."

"या वर्षीच जायचं होतं, साहेब."

"का हो? या वर्षीच काय एवढं?"

साहेबांनी खरंच काळजीने विचारलं होतं. मोहित्यांच्या तोंडाशी शब्द आले, जिभेवर बसले. त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"काही नाही, सहज," ते म्हणाले.

"मग घाई कसली? वाघ काय पळून जातायत?" साहेब मनमोकळं हसले.

मोहितेही हसले. "नाही साहेब. वाघ राहतील तिथंच."