अर्सेनचा पत्र्याचा चेहरा

आमच्या इमारतीचं दार मी सांभाळते, म्हणून अर्सेन जिना उतरला की मला कळायचं. युद्धात त्याचा जबडा उडाला. सरकारने त्याला पत्र्याचा मुखवटा दिला, वर गालाचा रंग, खऱ्या केसांची मिशी. तो लावल्याशिवाय तो पाव आणायलाही बाहेर पडायचा नाही.

रंगाचे पोपडे निघाले आणि तोंडावर मुलीचं लग्न आलं. त्याची बायको ऑनोरीन इस्त्रीचं काम करायची. तिने मुखवटा वरच्या मजल्यावरच्या चित्रकार लूबियेरकडे रंगवायला दिला. आज देतो, उद्या देतो, असं तो म्हणत राहिला.

ही लूबियेरची मंडळी म्हणजे स्वप्नवाली. झोपेत दिसतं तेच खरं, म्हणायची. त्यांच्या सिनेमात दार उघडलं की आत समुद्र, बाईच्या हातमोज्यातून मासे. जुन्या बाजारातली वस्तू उचलायची, तिला भलतंच काही चिकटवायचं, की झाली कला. लोकांना हादरवायचं, त्यांचे डोळे उघडायचे म्हणे. मला त्याची कधी अडचण नव्हती. स्वप्नं मलाही पडतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुखवटा मागायला ऑनोरीन आणि मी त्यांच्या प्रदर्शनात गेलो. काचेखाली अर्सेनचा चेहरा, तोंडाच्या जागी खेकड्याची नांगी. बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लूबियेर शांतपणे म्हणाला, "मादाम, आता तो चेहरा राहिलेला नाही. ते स्वप्न आहे."

"स्वप्न तुम्हाला पडतं," ऑनोरीन म्हणाली. "माझा नवरा जागा असतो."

तिने काच उचलली आणि मुखवटा काढून घेतला. घरी नांगी उपटली, तर तिच्याबरोबर रंगही गेला आणि मिशीही. रात्री मुलगी म्हणाली, की बाबांशिवाय मी जिना उतरणार नाही.

सकाळी अर्सेन उतरला. काळा कोट, मुलीचा हात हातात, चेहरा उघडा. मी बघितलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं. नेमका लूबियेर पाव घेऊन वर येत होता. जगाला डोळे उघडायला शिकवणारा हा माणूस भिंतीला चिकटला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"वर बघा ना," मागून येणारी ऑनोरीन म्हणाली. "याला नांगी लावलेली नाही."

त्याने मान वर केली नाही. ती तिघं उतरून गेली, तरी तो तसाच उभा होता.