खिळ्यावर पारखलेला कटर

ये गं, अशी जवळ ये. आणि आधी हातातलं ते खाली ठेव. कॉलेजात एवढं शिकतेस, आणि माझ्या कटरने कपडे वाळवायची तार तोडतेस? वर मलाच विचारतेस, आजी, कुठला कटर घेऊ म्हणजे टिकेल. टिकायचं कटरच्या हातात नसतं बाई, घरातल्या माणसांच्या हातात असतं. बस, सांगते.

साठ सालानंतरची गोष्ट. सारंगखेड्यापासून बैलगाडीच्या वाटेवर आपलं गाव. तुझे आजोबा ओसरीवर टेबल टाकून रेडिओ दुरुस्त करायचे. शिकले कुठे म्हणशील तर कुठेच नाही. खोलायचं, बघायचं, पुन्हा लावायचं. त्यांची बोटं केळीच्या घडासारखी, म्हणून बारीक काम माझ्याकडे आलं. रेडिओच्या आतल्या पाटीवर नवा भाग बसवला की त्याचे तारेचे पाय खालून बाहेर येतात. हे वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचे, मी पाय छाटायचे. छाटलेले तुकडे टणकन उडून माझ्या लुगड्यात पडायचे आणि मग जेवायला बसलं की टोचायचे. ते काम मला इतकं आवडायचं की टोचलेलंही गोड लागायचं.

घरात जुना कटर होता, पण त्याने माझ्या आधी सगळ्या घराची सेवा केली होती. बाजेची सुतळी, कुंपणाची तार, दिराच्या वहाणेचा खिळा. आता तो कापत नव्हता, चावत होता. पाय अर्धवट तुटायचे, वाकडे राहायचे.

अशात पंचायतीचा रेडिओ आला. आम्ही नीट केला, ओसरीवर खणखणीत बोलला. गाडीत घालून चावडीवर नेला आणि मुका. परत आणला, बोलला. परत नेला, मुका. लांब राहिलेले पाय गाडीच्या हिसक्याने एकमेकांना टेकत होते. हे आम्हाला कळलं, पण गावाला कोण सांगणार? माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणायचे, चावडीवरून लोकांचे टोमणे ऐकून आले ते ओसरीवरच बसले.

"हाऊ रेडिओ माहेरले बोलस नि सासरले मुका व्हस," ते म्हणाले. सासूबाई पदरात हसल्या.

पण मग त्यांनी खरं ते सांगितलं. कापूस फुटलाय, वेचायला हात कमी आहेत. सारंगखेड्याची यात्रा उठायच्या आत रेडिओ चावडीवर बोलला तर सून टेबलाशी बसेल, नाही तर दुसऱ्या दिवसापासून शेतात, आणि टेबल कायमचं बंद. मी आत जाऊन भाकरी थापली, ती फाटली.

म्हणून यात्रेत नवा कटर घ्यायचा ठरला. नाना म्हणाले, मी येतो, लोखंड मला कळतं. आता नाना म्हणजे घोड्यांचे पारखी. सारंगखेड्याच्या बाजारात लांबलांबचे लोक त्यांना घोडं दाखवायला न्यायचे. दात बघतील, खुर उचलतील, चालवून बघतील, मगच मान हलवतील. न पारखता घरात सुईसुद्धा यायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

हत्यारांच्या पालात एक बारीक, पातळ दातांचा कटर होता. मिटून उजेडाकडे धरला तर दोन पात्यांमधून रेघसुद्धा दिसत नव्हती. मी ह्यांना कोपराने खुणावलं, हाच. नानांनी तो उचलला, दात बघितले आणि खिशातून नालाचा खिळा काढला. पालवाला ओरडतोय, नाना, हे तांब्याच्या तारेसाठी आहे, हे घोडं नाही. तोवर नानांनी दाबलंसुद्धा. खिळा तसाच, कटरच्या पात्याला मधोमध खाच.

"खिळा कापत नई, ते हत्यार कसानं?" म्हणून त्यांनी शेजारचा जाडजूड कटर घेतला. त्याने खिळा भेंडीसारखा कापला. नाना खूश. पालवाला मात्र म्हणाला, ज्याने खाच पाडली त्याने तो घेऊन जावा. म्हणून दोन्ही घरी आले.

जाड्याचं तोंड एवढं मोठं की रेडिओच्या दोन पायांमध्ये शिरेचना. मग मी खाचवाला उचलला. खाच मधोमध होती, टोक मात्र कोरं करकरीत. टोकानेच सगळे पाय डागापर्यंत बेतून छाटले, एक उभा ठेवला नाही. छाटताना पायावर बोट धरलं, तुकडा आत पडू दिला नाही. आणि मधल्या खाचेचं काय सांगू, त्यात वायर धरून ओढली की वरचं रबर सोलून हातात यायचं, आतल्या तारेला ओरखडा नाही. नानांनी न विचारता अवजारात सुधारणा केली होती.

रेडिओ गाडीतून चावडीवर गेला आणि बोलला. मी काही गेले नव्हते, आपल्या ओसरीवर उभी राहून ऐकत होते. आधी खरखर, मग कापसाचे भाव. नाना परत आले, पागोटं खुंटीला लावलं आणि सासूबाईंना म्हणाले, "बसू द्या तिले तठेच. कापूस आम्ही येचसूत."

मग गावभर सांगत सुटले की कटर मी पारखून आणला म्हणून रेडिओ बोलला. पुढच्या दसऱ्याला जाड्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मला टेबल मिळालं होतं, श्रेय कशाला हवंय?

आता तुझं उत्तर. पूजेतला तो कटर घरातल्या सगळ्यांनी वापरला, कारण तो चांगला. दावणीच्या साखळीवर त्याचे दात गेले. खाचवाल्याला कोणी हात लावला नाही, कारण तो बिघडलेला. तोच तू आत्ता तारेवर चालवत होतीस.

तेव्हा पातळ दाताचा घे, उजेडाकडे धरून बघ, बारीक तारेवरच पारख. आणि कोणी मागायला आलं की म्हण, बिघडलाय. यात्रेला लवकर ये बाई, दोघी मिळून बघू. येताना सोलायच्या वायरी आण, खाच माझ्याकडे आहे. खिळे आणू नकोस.