मानेतला जोड
मंठ्याजवळच्या वस्तीवर आबाराव आणि वच्छलाबाई या नवरा-बायकोनं तीस वर्षं मेंढरं राखली. गेल्या वर्षी वच्छलाबाईला घास उतरेनासा झाला. आधी भाकरी अडकायची, मग भातसुद्धा. तपासणीत अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात अन्ननलिका काढली आणि जठराची नळी करून ती वर मानेत जोडली. हा जोड भरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नव्हतं. आतड्यात घातलेल्या नळीतून पातळ आहार चालू होता.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी तिचे ओठ पार तडकले होते. "जीभ तरी वली करा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. आबारावांनी दाराकडं बघत तिला दोन चमचे पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, मानेची जखम लाल झाली. डॉक्टरांनी स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध थोडंसं पाजून सीटी स्कॅन काढला.

"जोड गळतोय," डॉक्टर गंधाली म्हणाल्या.

आबारावांनी हात जोडले. "बाई, म्याच पाणी पाजलं तिला. माझ्यामुळंच झालं हे."

डॉक्टरांनी त्यांना स्क्रीनसमोर नेलं. "हे पांढरं म्हणजे त्यांनी गिळलेलं औषध. इथून बाहेर आलंय. जठराच्या टोकाला रक्त कमी पोचलं, म्हणून जोड नीट भरला नाही. दोन चमच्यांनी असं होत नाही. छातीत पू नाही, हे बरं. पण आता मला विचारल्याशिवाय थेंबसुद्धा नाही."

"बराबर सांगून राह्यल्या ना? का माझ्या समाधानासाठी?"

"समाधानासाठी मी स्कॅन दाखवला नसता."

मानेचे टाके उघडून पू वाहू दिला. रोज दोनदा ड्रेसिंग. आबाराव नळीतून आहार द्यायला शिकले. तरी त्यांची नजर बायकोच्या नजरेला भिडत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "मागितलं म्या. तुमी का झुरून राह्यले?" ते तिच्यापुढं पहिल्यांदाच रडले.

बाविसाव्या दिवशी पुन्हा औषध पाजून एक्स-रे काढला. या वेळी औषध सरळ खाली उतरलं, बाहेर काही आलं नाही. दोन महिन्यांनी जोड आकसला, तेव्हा दुर्बिणीनं तो तीनदा रुंद करावा लागला.

आता वच्छलाबाई दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते आणि उशाला उंचवटा करून झोपते. मेंढरं भावकीत दिली. दुधात कुस्करलेली अर्धी भाकर संपवायला तिला तासभर लागतो. तोवर आबाराव जागचे हलत नाहीत.