वेशीपाशी उतरणारी चेन

अंबडहून आमच्या गुरांच्या दवाखान्याचं गाव सात मैलांवर होतं. रस्त्याला किलोमीटरचे दगड लागले होते, पण पाय मैलच मोजायचे. मी तिथं नवा स्टॉकमन होतो. म्हणजे डॉक्टर रजेवर असले की डॉक्टर, आणि डॉक्टर हजर असले की कारकून. जाताना वारा समोरून यायचा. संध्याकाळी येताना तो पाठीशी असायला हवा होता, पण तोवर तो पडलेला असायचा. सरकारी नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी अशाच असतात, हे मला सायकलनं लवकर शिकवलं.

बाकीचं शिकवलं ते दवाखान्यात जनावरांची मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरनं. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. वडिलांबरोबर त्यांनी धम्म घेतला होता. अंबडमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सायकल जुनी, पण दर रविवारी तेलपाणी व्हायचं. हँडलला पितळी घंटी होती, ती ते फारशी वाजवत नसत.

पहिल्या आठवड्यात मी वाटेत दोनदा थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, वाऱ्याकडं ध्यान देऊ नका. तारेचा खांब बघा. तो आला की म्होरला बघा. खांब बराबर येत्यात."

ते कायम माझ्या पुढं असायचे. सात मैल मला समोर त्यांचा खाकी सदरा आणि त्यावरचा घामाचा नकाशा दिसायचा. मला वाटायचं, माणसाला पुढं राहायची हौस दिसते.

मात्र गावाची वेस आली की ते उतरायचे. वेशीच्या आत लिंबाचा पार होता, तिथं गावातली वजनदार म्हातारी मंडळी सकाळपासून बसलेली असायची. काका सायकल हातात धरून पारापुढून चालत जायचे, देवळाला वळसा घालायचे आणि गाव संपलं की पुन्हा टांग मारायचे. दवाखाना गावाच्या त्या टोकाला होता. मी सायकलवरूनच पुढं जायचो.

"काय झालं काका?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"चेन उतरती साहेब इथं."

चेन रोज त्याच जागी उतरायची. त्यामागचं कारण मला कळत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मीही एका गावातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलो होतो. आमच्या वेशीतही लोक उतरताना मी पाहिले होते. पण मी पुस्तकं वाचत होतो, स्वतःला या सगळ्याच्या पलीकडचा समजत होतो, आणि जे आपण मानत नाही ते जगात उरलेलं नाही, असा वाचणाऱ्या माणसाचा एक समज असतो. वर त्याच पारावरच्या मंडळींच्या बैलांच्या खांद्याला आलेली सूज काका रोज शेकून काढत होते. बैलाच्या अंगाला त्यांचा हात चालत होता. सायकलच्या सीटवर त्यांचं बूड चालत नव्हतं.

एकदा मी गमतीत म्हणालो, "काका, चेन एकदा दुरुस्त करून घ्या की."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाले, "पोरगी मॅट्रिक होईस्तोर उतरू द्या तिला, साहेब. अंबडची शाळा हाय, घर हाय. बदली झाली तर कुठं घेऊन जाऊ? दीड साल राह्यलंय. दीड साल पायी चालाया मला काय जड न्हाई."

मी हसलो. उत्तर चांगलं होतं म्हणून हसलो.

पुढच्या वर्षी दवाखान्यात लोखंडी खोडा आला. जनावर हलू नये म्हणून त्यात उभं करायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याचं उद्घाटन ठरलं. कमान झाली, बँड आला, खोड्याला लाल फीत बांधली. पाहुण्यांनी ती कापली, पण बँडच्या आवाजाला बुजून एकही बैल आत जाईना, तेव्हा मोकळ्या खोड्यालाच हार घातला. मग भाषण झालं. या खोड्यात गावातल्या सगळ्यांची जनावरं एकाच जागी उभी राहतील, हीच खरी समता, असं पाहुणे म्हणाले. पारावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझ्या मते उपहासानं. टाळीच्या आवाजात तो फरक ऐकू येत नाही.

त्या संध्याकाळी परतताना मी फार खुशीत होतो. पाहुण्यांची नक्कल करून झाल्यावर म्हणालो, "बैलांना समता मिळाली काका. तुमचा नंबर कधी?"

त्यांनी पायडलवर जोर दिला. पुढं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वेस आली आणि ते उतरले नाहीत. मी मागं होतो. पाठ ताठ ठेवून, सावकाश पायडल मारत ते पारापुढून गेले. घंटीही वाजवली नाही. पारावर कुणी उठलं नाही, ओरडलं नाही. चहाची कपबशी हातात धरलेला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आज चेन न्हाई उतरली वाटतं."

चेनची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

पंधरा दिवसांनी अर्ज आला. ड्रेसर जनावरांच्या मालकांशी उद्धट बोलतो, गावातून सायकल उन्मत्तपणे चालवतो, लेकराबाळांच्या जिवाला धोका आहे. खाली सह्या आणि अंगठे. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही रोज बरोबर असता. चार ओळी लिहून देता का? अर्जासोबत वर पाठवतो."

मी 'उन्मत्तपणे' हा शब्द दोनदा वाचून हसलो. म्हणालो, "असल्या कागदाला उत्तर देणं म्हणजे त्याला मान देणं आहे, डॉक्टर."

डॉक्टरांना निवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. त्यांनी आग्रह केला नाही. अर्ज एकटाच वर गेला.

दिवाळीनंतर बदलीचा हुकूम आला: भोकरदनच्याही पलीकडं. मॅट्रिकच्या परीक्षेला चार महिने उरले होते. आता मी लिहायला बसलो. पाच फुलस्केप पानं लिहिली, चांगली लिहिली. वरच्या कचेरीतून पोच आली, बाकी काही नाही.

शेवटच्या सकाळी वेशीपाशी मी सायकलवरून उतरलो. काका उतरले नव्हते. पाय टेकून ते थांबले आणि वळून म्हणाले, "तुमी कशाला उतरून राह्यले, साहेब? बसा. जल्दी चला, दवाखाना उघडायचाय." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

दोनेक वर्षांनी जालन्याच्या बसस्टँडवर ते भेटले. सायकल विकली होती. तिकडं चढउतार फार, म्हणाले. मी मुलीबद्दल विचारलं.

"तिकडं शाळा सातवीपत्तोर. इथं एकटी कुणापाशी ठेवू? मंग दिलं लगीन करून." पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "हुशार व्हती." मग माझ्या आईची तब्येत विचारली.

त्यांची बदली झाल्यावर मी आणखी सहा वर्षं तो रस्ता केला. बदलीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी एकटा निघालो, तेव्हा अंबड सोडताच वारा छातीवर आला. वादळबिदळ काही नव्हतं, रोजचाच वारा. मी तिसऱ्या खांबापाशी थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो. त्या दिवशी मला दवाखान्यात पोचायला अर्धा तास उशीर झाला. दीड वर्ष तो वारा कुणाच्या अंगावर येत होता, हे मला त्या रस्त्यावर, समोर कुणाची पाठ नसताना समजलं.