‘जांभळं ऊन’वाले देवरे सर

देवरे सर गाणं ऐकायचे ते भिंतीकडे तोंड करून. नाशिकरोडला त्यांच्या ऑर्केस्ट्रात मी कोरससाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून शेंगदाणे खात बसले होते. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी हात वर केला. "तू गाणं म्हणी राहिनी का भांडी घासी राहिनी?" सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण कुणाला सोलायचं असलं की अहिराणी बाहेर यायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आतून त्यांची बायको, मीनाताई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "रडू नकोस. ते नापसंत पोरीला शिव्यासुद्धा देत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून मी कोरसमध्ये होते.

माणूस जिभेने कसाई होता, पण कार्यक्रमानंतर आम्हा मुलींना घरोघरी सोडताना प्रत्येकीच्या आईने दार उघडल्याशिवाय गाडी हलू द्यायचे नाहीत. त्यांच्या बोटांत काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच नीट कळलं नाही. लग्नात कीबोर्डवर तीच ती फिल्मी गाणी वाजवून ते विटले होते. त्या काळी टीव्हीवर खाजगी अल्बमची गाणी सुरू झाली होती. सरांनी एकच गाणं करायचं ठरवलं. लहानपणी टायफॉइडच्या तापात त्यांना अंगणात जांभळं ऊन पडलेलं दिसलं होतं, झाडं हवेत तरंगताना दिसली होती. ते सगळं त्यांना आवाजात आणायचं होतं.

गायली मीनाताई. ‘जांभळं ऊन पडलं गं माझ्या सावलीवर’ ही एक ओळ सरांनी तिच्याकडून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत म्हणवून घेतली. पाणीसुद्धा पिऊ देईनात. "तहान लागू दे. तहानलेला आवाज पाहिजे मला." मग त्यांनी ती टेप उलटी चालवली आणि तिचाच उलटा आवाज तिच्या सरळ आवाजाखाली घातला. स्टुडिओत ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी पाण्याखालून आपल्याला हाक मारतंय असं वाटलं. सरांनी डोळे पुसले आणि मीनाताईला म्हणाले, "तिसऱ्या अंतऱ्यात श्वास ऐकू येतोय तुझा. म्हशीसारखा."

व्हिडिओ काढला लग्नांचं शूटिंग करणाऱ्या आमच्याच ओळखीतल्या एकाने, गंगापूर धरणाच्या काठावर. नवरानवरीला सफरचंदात बसवायचे जेवढे इफेक्ट त्याच्याकडे होते, ते सगळे सरांनी वापरले. मीनाताई हिरव्या पाण्यावर उभी, एकीच्या पाच झालेल्या, चेहरा जांभळा, आभाळ पायाखाली. गावातल्या केबलवर ते गाणं लागायला लागलं, आणि भाजीबाजारात बायका तिला थांबवून विचारू लागल्या, "तुम्हीच का हो त्या?" ती लाजून पिशवीत बघायची.

मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. गाणं त्याला हवं होतं, नवा व्हिडिओ करून सगळ्या देशाला दाखवायचं होतं. "फक्त फेस बदलावा लागेल, सर," तो चाचरत म्हणाला. त्याला वाटलं असावं, नवरा चिडेल. मीनाताई सावळी, पुढचे दात जरा वर. ती तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. सर तिच्याकडे बोट करून मोठ्याने हसले. "बदला की! हिना चेहरा रेडिओनाच शे!"

मीनाताईने बशा एकेक करून खाली ठेवल्या. आवाज न करता.

दुसरा व्हिडिओ देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात झाला. मॉडेलला मराठी येत नव्हतं. म्हणून सरांनी मीनाताईला कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसवलं. तिने शब्द तोंडाने दाखवायचे आणि मॉडेलने ते बघून ओठ हलवायचे. "ओठ मिटून म्हण, मीना," सर सगळ्यांसमोर ओरडले, "तुझं बघून ती पण दात काढतेय." मॉडेल बिचारी चांगली पोरगी होती. चहाच्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "दीदी, आवाज़ आपकी है? भगवान ने क्या दिया है आपको!" मीनाताई म्हणाली, "चेहरा नाही दिया." आणि हसली. त्यानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नाही.

गाणं गाजलं. कंपनीने दुसरं मागितलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मीनाताई माइकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. बोलताना घोगरं बोलायची, गाताना काहीच नाही. सरांनी ज्येष्ठमध दिलं, वाफारे दिले, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यात दोष दिसत नाही. दुसऱ्या कुणाचाही आवाज सरांना त्या चालीवर चालेना. कंपनी कंटाळली आणि निघून गेली.

सर बदलले ते तेव्हापासून. "मीच घासला तो गळा," असं येईल त्याला सांगायचे. रोज पहाटे उठून तिच्यासाठी पाणी कोमट करायचे. लग्नांतून डीजे आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा ते पोरांना कीबोर्ड शिकवू लागले. कुणाला टाकून बोलत नव्हते. मला तर ते जुने देवरे सर आठवून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा पलंगासमोर टीव्ही चालू होता. त्यावर दुसरा व्हिडिओ, ती मॉडेल, आणि आवाज पूर्ण बंद. सर डावा हात टीव्हीकडे करून "ऊं, ऊं" करत होते.

"ताई, आवाज वाढव म्हणताहेत," मी म्हणाले.

"कळतंय मला." तिने रिमोट मांडीखाली सरकवला. "चेहरा बघा म्हणावं. चेहऱ्यासाठीच केला होता ना?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पदराने ते हलकेच टिपलं, वरणभात मऊ कालवला आणि घास घास भरवला. सांडलेलं शीत हनुवटीवरून उचललं. पडद्यावर मॉडेल ओठ हलवत होती. गाणं संपलं की मीनाताई उठून पुन्हा लावायची. शेजारीण म्हणाली, रोज दुपारी असंच असतं.

सर थंडीत गेले. दिवस झाल्यावर एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर जिन्यातच थबकले. आतून गाणं येत होतं. ‘जांभळं ऊन पडलं गं’. वरच्या सुरावर आवाज काचेसारखा स्वच्छ. मला वाटलं, कॅसेट लावली असेल. दार लोटलं तर मीनाताई जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"ताई! आवाज कधी परत आला?"

"गेला कधी होता?" घोगरेपणाचा मागमूस नव्हता. "ते बाहेर गेले की मी दार लावून म्हणायचे रोज. गळा गंजू दिला नाही."

मी डबा ओट्यावर ठेवला. तिने मेथीची दुसरी जुडी सोडली आणि तिसरा अंतरा घेतला. मी कान देऊन ऐकत होते. श्वास कुठे घेतला ते कळलंसुद्धा नाही.