तिकिटामागची शेवटची ओळ

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातून देवांबरोबर भुतांनाही बाहेर काढलं होतं. वडील तर शाळेत विज्ञान शिकवायचे. अमुक चिंचेखाली भूत आहे असं मी म्हटलं, की त्याच चिंचेखाली बसवून माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचले आणि मनातल्या मनात हसलो. आता तुम्ही माझ्यावर हसा... पण पूर्ण वाचून हसा.

मी बल्लारपूरला एका विद्यापीठाच्या विद्यार्थी मार्गदर्शन केंद्रात काम करतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण यात एक चूक आहे आणि ती माझी एकट्याची आहे. घरी राहून, शेतीत राबून बी.ए. करणारी मुलं आमच्याकडे येतात. कोरपन्याची, गोंडपिपरीची, पार अहेरीच्या पलीकडच्या जंगलातली. विषय कोणते घ्यायचे, राहिलेला पेपर कधी द्यायचा, मध्येच सुटलेलं शिक्षण परत कसं जोडायचं, हे आम्ही सांगतो. खरं म्हणजे रामटेके बाई सांगायच्या आणि मी फॉर्म भरायचो.

बाई गेल्या वर्षी रिटायर झाल्या. त्यांच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मूल समोर आलं की आम्ही कागद मागतो. बाईंचा पहिला प्रश्न असायचा, "जाची गाडी कितीची हाय?" परतीची बस कळली की त्या हिशोबानं काम उरकायचं. कोणते कागद आणायचे, कोणत्या तारखेला यायचं, हे त्या मुलांच्या एसटीच्या तिकिटामागेच पेन्सिलीनं लिहून द्यायच्या.

"चिठ्ठी हरवते बाबू," त्या मला म्हणायच्या. "तिकीट मात्र चेकरच्या भीतीनं पोरं जपून ठेवतेत."

त्या यादीच्या शेवटी नेहमी दोनच शब्द असायचे — 'आधी जेवण'. आईसारखी काळजी, एवढंच मी समजायचो. बाई स्वतः रोज दोन डबे आणायच्या. मी चिडवायचो, "बाई, वजन वाढून राह्यलं बरं का!" बाई नुसत्या हसायच्या आणि लांबून आलेल्या मुलाला घेऊन मागच्या व्हरांड्यात जाऊन बसायच्या. तिथे समुपदेशन चालतं अशी माझी समजूत होती.

आता ती गोष्ट. यंदाच्या जानेवारीतली.

ललिता कुमरे नावाची आमची एक विद्यार्थिनी. अहेरीच्याही आतल्या, मोबाइलला रेंज नसलेल्या गावातली. वडील गेल्यावर तिचं शिक्षण दोन वर्षं सुटलं होतं. बाईंनी तिला परत आणलं होतं. पदवी पूर्ण करायची कमाल मुदत असते, ती तिची या वर्षी संपत होती. म्हणजे शेवटच्या वर्षाचा फॉर्म आता राहिला असता, तर आधीचे सगळे पेपर पास असूनही पदवी गेलीच असती.

फॉर्मची शेवटची तारीख होती अठरा. आणि मी मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती अठ्ठावीस.

अठराला सकाळी मुख्य कार्यालयातून फोन आला, "तुमच्या केंद्राची एक मुलगी बाकी आहे, पोर्टल पाचला बंद होईल." मी ग्रुप उघडला, तेव्हा माझी चूक दिसली. ललिताचा फोन लागेना. बाई अशा वेळी अहेरीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायच्या, म्हणून मीही स्टँडवर धावलो. कंडक्टर म्हणाला, "देतो ना भाऊ, पण गाडी पोचतपर्यंत चार वाजतेत." मी परत येऊन डोक्याला हात लावून बसलो.

दीड वाजता दारात ललिता उभी!

हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. मार्कशीट, आधार, फोटो, सगळं बरोबर. शिक्षण मधे सुटलं त्याचं गॅप सर्टिफिकेटसुद्धा. ते तिनं त्याच सकाळी गोंडपिपरीच्या सेतू केंद्रातून करून आणलं होतं. आल्याआल्या ती घटाघटा तीन ग्लास पाणी प्यायली.

"तुला कसं कळलं आज शेवटचा दिवस आहे?"

"बाईनं सांगतलं ना सर."

"कोणत्या बाईनं?"

"आपल्या रामटेके बाईनं. काल दुपारी गोंडपिपरीच्या स्टँडवर भेटल्या. मी बहिणीसंग मिरची तोडाले तेलंगणात चालली होती. अहेरीत ग्रुपवर अठ्ठावीस पाह्यलं होतं, त्याच्या आत वापस येऊ म्हटलं. तं बाई म्हणाल्या, काऊन जातेस, उद्याच शेवटचा दिवस हाय. मंग बहीण फोन घेऊन गेली, मी राह्यली, रात मैत्रिणीकडं काढली. कागदं तं संगच राह्यतेत, बाईनंच सवय लावली."

तिनं तिकीट दाखवलं. अहेरी ते गोंडपिपरी, तारीख सतरा. मागे पेन्सिलीनं कागदांची यादी, 'अठरा, पाचच्या आत', आणि खाली 'आधी जेवण'. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन.

मला एवढा आनंद झाला की विचार करायला फुरसतच नव्हती. सर्व्हर रडत-रखडत चालला होता. ललिता हलली नाही, मीही हललो नाही. पाचला वीस मिनिटं असताना फॉर्म गेला. ती रडली. खरं सांगतो, मीही रडलो. ती बसला पळाली आणि तिकीट माझ्या टेबलावरच राहिलं.

मी लगेच बाईंना फोन लावला. तो त्यांच्या मुलानं घेतला.

"आई नागपूरला आहे. काल दुपारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी आहे."

"काल? नक्की कालच?"

"अहो, मीच बसलो होतो ना बाहेर!"

मी तिकीट परत पाहिलं. शेवटच्या वर्षी बाईंना इतकं कमी दिसायचं की त्यांच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. या ओळी सरळ होत्या. शिवाय बाई ग्रुपवर नव्हत्या. माझी चूक त्या सकाळपर्यंत मलाच माहीत नव्हती, तर त्यांना कोण सांगणार?

पंधरा दिवसांनी मी तिकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "प्रशांत, मले जित्तेपणीच भूत बनवून राह्यला का रे?"

मग तिकीट खिडकीशी नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अक्षर माझंच हाय," त्या म्हणाल्या. "पण मी तेथी नव्हती. जे समजत नाई ते समजत नाई म्हणाव. चमत्कार नोको करू त्याचा." तिकीट परत देताना त्यांनी विचारलं, "पोरीले काय जेवू घातलं?"

 ते तीन ग्लास पाणी मला तेव्हा आठवलं.

"सकाळपासून सेतूत उभी राह्यलेली पोरगी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा दुखावलेला मी कधीच ऐकला नव्हता. "तिच्याजवळ डबा कुठून येईन? ती ओळ का पोरीसाठी असते बाबू? ती टेबलावर बसून फॉर्म भरणाऱ्यासाठी असते."

इतकी वर्षं बाईंच्या शेजारी बसून मला दुसरा डबा कोणाचा हे कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

ललिता पास झाली. तिला मी नंतर खोदून खोदून विचारलं. ती एकच सांगते, "बाईच होत्या सर. मी त्याहिले वळखत नाई का?" मशीनच्या तिकिटावरची छपाई उडते, तशी त्याही तिकिटाची उडाली. तारीख नाही, गावं नाहीत. तेव्हा फोटो काढायचं मला सुचलं नाही. म्हणजे पुरावा मागाल तर माझ्याकडे काहीच नाही, आणि स्पष्टीकरणही नाही. मागची पेन्सिल मात्र जशीच्या तशी आहे.

ती बाजू वर करून मी ते तिकीट टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. परवा आमच्या नव्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, "सर, रोज दोन-दोन डबे? वजन वाढून राह्यलं तुमचं!"

मी नुसता हसलो. समोर भामरागडहून आलेला एक मुलगा बसला होता. त्याला घेऊन मागच्या व्हरांड्यात गेलो.